भवानीचं गिऱ्हाईक

माझ्या खुर्चीत डोळे मिटून बसलेली, माझ्या दोऱ्याखाली भुवई दिलेली बाई मध्येच विचारते, "आधी इथे नखं करायची ती हर्षाली हल्ली कुठे असते हो?" तेव्हा माझ्या हातून दोरा जरा जोरात ओढला जातो. बाई "आई गं" करते. मी म्हणते, "केस जाड आहेत तुमचे." केस जाड नसतात.

हर्षालीला इथून जाऊन बरेच दिवस झाले. खिडकीजवळची ही जागा आता माझी आहे, आरशावर माझ्या नावाचं स्टिकर आहे, तरी बायका हिला विसरायला तयार नाहीत. मी मुकाट्याने पत्ता सांगते. नाही सांगितला, तर कुंदाताई गल्ल्यावरून ओरडून सांगतात आणि वर "फार गुणाची पोर हो" एवढं जोडतात. ते ऐकण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

कुंदाताई म्हणजे आमच्या मालकीणबाई. परळला, भोईवाड्याच्या अंगाला, एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचं पार्लर आहे. चार खुर्च्या, एक पडदा, पडद्यामागे फेशियलचा पलंग, आणि सगळ्या जागेला मिळून एकच खिडकी. मी घोडपदेवहून चालत येते. लग्नाच्या आधीपासून इथे आहे, टक्केवारीवर. म्हणजे माझ्या हातून जेवढं बिल होईल त्यातलं निम्मं माझं, निम्मं कुंदाताईंचं. भुवया कोरायला उजेड लागतो, म्हणून मी खिडकी मागितली होती. कुंदाताई म्हणाल्या होत्या, "बघू." त्यांच्या त्या बघूवर मी कित्येक दिवाळ्या काढल्या, आणि मग एके दिवशी ही बया आली आणि एका सकाळीत खिडकी घेऊन बसली.

ती शिवडीच्या कोळीवाड्यातली. तिची आई भोईवाड्याच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि कुंदाताई तिचं नेहमीचं गिऱ्हाईक, त्या ओळखीने लेक आमच्याकडे आली. नखांचं काम शिकलेली होती: जेल, एक्स्टेंशन, नक्षी, सगळं. अंगात साधा कुर्ता, हातात झाकणाचा निळा डबा. कुंदाताईंनी नेहमीचं सांगितलं, निम्मं-निम्मं. ती म्हणाली, टक्केवारी नको, एक टेबल भाड्याने द्या. असलं काही आमच्याकडे कोणी मागितलं नव्हतं. कुंदाताईंनी विचारलं, म्हणजे काय?

"आय बाजारात बसते ती जागा एका म्हातारीची हाय," हर्षाली म्हणाली. "आय तिला जागेचे पैसे देते. पाटीत पापलेट हाय का मांदेली, म्हातारी विचारत नाय. तसंच. जागा तुमची, मासळी माझी."

आम्ही पडद्यामागे हसलो. नखांना मासळी म्हणणारी ही पहिलीच. पण ती हसली नाही. सहा हजार देईन म्हणाली. शिवाय खिडकीजवळचीच जागा लागेल, कारण नखांच्या औषधाला उग्र वास असतो, तो बाहेर जाईल, तुमच्या गिऱ्हाईकांना त्रास नको. एवढं बोलून तिने तोंड मिटलं. कुंदाताई बोलू लागल्या. लाईटबिल, एसी, पाण्याची मोटर, चाळीच्या सेक्रेटरीची कटकट, सगळं काढलं. ही समोर हाताची घडी घालून उभी. कुंदाताई नऊवरून सुरू झाल्या आणि आपल्याच तोंडाने बोलत बोलत सहावर येऊन थांबल्या. मी हातात दोरा धरून हे बघत होते. खिडकीचा उजेड तिच्या टेबलावर पडला आणि मी माझ्या खुर्चीत ट्यूबलाईटखाली राहिले.

पुढे तिनेच सांगितलं, ही तिच्या आईची शिकवण. भाव सांगितला की तोंड मिटायचं, पुढे जो बोलेल त्याचा घात. मी आयुष्यभर पुढे बोलत आले होते.

तिची स्वतःची नखं बघून कोणी म्हणालं नसतं ही नखांची कारागीर. बोथट कापलेली, बिनरंगाची. फक्त डाव्या करंगळीचं नख वाढवलेलं, आणि त्यावर रोज नवा रंग, नवी नक्षी. तीच तिची जाहिरात. बाई खुर्चीत बसली की ही करंगळी पुढे करायची आणि बाई म्हणायची, हेच कर. फलक नाही, फोटो नाही, फोनवर रिळं टाकणं नाही. मी माझ्या भुवयांचे किती फोटो टाकले होते, त्यांना माझी मावसबहीण तेवढी अंगठा द्यायची.

काम करताना तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. नवी बाई हात आखडून बसली की म्हणायची, "हात सैल सोडा मॅडम. माझ्याकडे दिलाय ना, मग आता तो माझा." आणि बाया खरंच सोडायच्या. ऑफिसातल्या ताठ बाया, फोनवर कोणाला तरी झापत आत आलेल्या, पाच मिनिटांत गप्प होऊन खिडकीबाहेर बघत बसायच्या. माझ्याकडे येताना त्याच बाया घड्याळ बघायच्या.

एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, हर्षाली, तुझ्या डब्याला बोंबलाचा वास येतो गं. तिने डबा उघडून नाक लावून वास घेतला, जरा विचार केला आणि म्हणाली, "ओल्याचा नाय. सुक्याचा असंल." दुसऱ्या दिवशी सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली आणि पहिली माझ्या ताटात वाढली. उत्तम झाली होती. नाकाला झोंबली ती मिरचीच होती असं मी समजून घेतलं.

मला सर्वांत जास्त खुपायचं ते तिचं देणं. आम्ही सगळ्याजणी कुंदाताईंकडे मागायला जायचो. ही देतानाही घासाघीस करायची. पहिल्याच गणपतीच्या आधी ती कुंदाताईंना म्हणाली, गणपतीत लालबागच्या गर्दीने रस्ते बंद होतात, माझी गिऱ्हाइकं पोचत नाहीत, तेवढ्या दिवसांचं भाडं अर्धं करा. कुंदाताई भांडायच्या तयारीने पदर खोचतात न खोचतात तोच हिने पुढचं सांगितलं: पण गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी उशिरापर्यंत बसणार, तुमची लाईट जास्त जाणार, त्याचे वर पाचशे घ्या. कुंदाताईंचा पदर खोचलेलाच राहिला. भांडायचं कशावर तेच त्यांना सुचेना. मी मनात म्हटलं, मखलाशी आहे सगळी. पण पाचशे तिने खरोखर आणून दिले.

आता भवानीचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. दिवसाची पहिली कमाई म्हणजे भवानी. सगळे दुकानदार मानतात, पण कुंदाताई मानतात ते विचारू नये. भवानी होईपर्यंत गल्ल्यातून दमडी बाहेर जाणार नाही, चहावाला आला तर त्याला बाहेर उभा करतील. पहिल्या गिऱ्हाईकाला नाही म्हणणार नाहीत, मग ते कितीही पाडून मागो. आणि पहिली नोट हातात आली की हात आपोआप कपाळाकडे, तिथून गणपतीच्या फोटोकडे आणि तिथून गल्ल्यात.

मिलच्या जागेवरच्या टॉवरमध्ये नवी ऑफिसं आली आणि हर्षालीच्या टेबलापाशी रांग लागायला लागली. बाया बाहेर बाकावर बसून थांबायच्या. कुंदाताई गल्ल्यावरून ती रांग बघायच्या आणि सहा हजार त्यांना दिवसेंदिवस लहान वाटायला लागले. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी हर्षालीला बोलावून सांगितलं: एक तारखेपासून दहा. दुसरी एक मुलगी दहा द्यायला तयार आहे, जमत नसेल तर टेबल रिकामं कर. हर्षाली "बघते" म्हणाली आणि ब्रश धुवायला गेली. दहा तिला परवडणारे नव्हते. वडील नव्हते, आईचे गुडघे गेले होते, घर हिच्यावर होतं. ते मला माहीत होतं. तरी त्या दिवशी घरी जाताना मी पाव किलो जिलेबी नेली. नवऱ्याने विचारलं, काय आहे आज? मी म्हटलं, सहज.

एक तारखेला मी मुद्दाम लवकर गेले. हर्षाली माझ्या आधीच शटरपाशी उभी होती. कुंदाताईंनी शटर वर केलं, दिवा लावला, उदबत्ती फिरवली. ती पुढे झाली आणि दुमडलेल्या नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या.

"भवानी घ्या, कुंदाताई."

कुंदाताईंचा हात निघाला. कपाळ, फोटो, गल्ला. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी गल्ल्यातच नोटा मोजल्या.

"सात?"

"सात," हर्षाली म्हणाली आणि तोंड मिटलं.

कुंदाताईंनी गल्ला बंद केला. कपाळाला लावलेली भवानी परत कशी करणार, आणि देवासमोर ठेवलेल्या पैशावर कटकट कशी करणार? दुपारी जेवण झाल्यावर मात्र त्यांनी विचारलंच, सातच का? हर्षालीने तेव्हा हिशेब सांगितला. गिऱ्हाईक वाढलं ते माझ्या हाताने वाढलं, त्याचं भाडं कशाला? पण लाईट वाढली, बाक अडला, पाणी जास्त लागतं, त्याचे हजार. आणि नखं करायला आलेल्या निम्म्या बाया जाता जाता मनीषाकडे भुवया करून जातात, त्यातलं निम्मं तुमच्या गल्ल्यात येतंच ना.

मनीषा म्हणजे मी. माझ्या भुवया तिने तिच्या हिशेबात धरल्या होत्या. माझी गिऱ्हाइकं वाढलेली होती आणि मी समजत होते की माझा हात बसत चाललाय. त्या दिवशी माझा जो तिळपापड झाला तो आठवला की अजून घशाशी येतं. खोटं बोलली असती तर सुटले असते मी.

मी तिला गाठून विचारलं, तू हे मुद्दाम केलंस ना? कुंदाताईंना पेचात धरलंस.

"पेच कसला गो," ती म्हणाली. "भवानीच्या गिऱ्हाईकाला आय कधी नाय म्हणत नाय. मागेल त्या भावात देते. पण म्हणून त्याने कायपण मागायचं नसतं. समोरच्याला नाय म्हणता येत नाय ना, मग आपणच लाज ठेवून बोलायचं. मी पाच ठेवले असते तरी त्यांनी घेतले असते, मने."

हे ऐकून माणसाने काहीतरी चांगलं शिकावं. मी एवढंच शिकले की भवानीला पैसे ठेवले की काम होतं. टक्केवारीला मी कंटाळले होतेच. पुढच्या एक तारखेला मी हर्षालीच्याही आधी शटरपाशी उभी. मनात ठरवून ठेवलं होतं, माझ्या कोपऱ्यातल्या खुर्चीचं भाडं साडेचार हजार. दिवा लागला, उदबत्ती फिरली, मी पुढे झाले आणि नोटा ठेवल्या. कपाळ, फोटो, सगळं यथासांग झालं. गल्ला उघडला. आणि मला आठवलं की पाचशेची एक नोट बाजूला काढायची राहिली आणि बँकेतून आणलेले पाच हजार मी तसेच दिलेत. म्हटलं, कुंदाताई, त्यातले पाचशे परत द्या.

कुंदाताईंचा हात नोटेपर्यंत गेला होता. तो गरम तव्यावरून काढावा तसा त्यांनी मागे घेतला. रागावल्या की त्या मालवणीवर जातात.

"भवानी होऊक नाय आणि गल्ल्यातसून पैशे भायर काढूक सांगतंस माका?"

भवानीचे पैसे आत जातायत न जातायत तोच बाहेर मागणारी मी पहिलीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी सगळे पैसे माझ्या हातात कोंबले, देवाला पुन्हा दिवा लावला आणि मला पडद्यामागे टॉवेलच्या घड्या घालायला बसवलं. त्या दिवशी नेमकी दुपारी लाईट गेली, फेशियलच्या दोन बाया आल्याच नाहीत. आठवडाभर काहीही बिघडलं तरी कुंदाताई माझ्या नावाने खडे फोडत होत्या. हर्षालीने करंगळीला त्या दिवशी लाल रंग लावला होता, आणि तो मला चिडवायलाच लावला असं मला वाटत राहिलं.

पुढच्या वर्षी कुंदाताईंच्या भाच्याने त्यांना अक्कल दिली: रोख घ्यायचीच नाही, म्हणजे ती मुलगी भवानी भवानी करणार नाही. गल्ल्यावर स्कॅन करायचा फलक आला आणि पैसे आले की मोठ्याने सांगणारा तो छोटा डबा आला. भाडं यंदापासून नऊ आणि तेही फोनवरून, असं ठरवून कुंदाताई निर्धास्त झाल्या. मीही झाले. पण तोपर्यंत कुंदाताईंना सवय लागली होती. सकाळी पहिल्यांदा तो डबा बोलला की त्या त्यालाच हात लावून कपाळाला लावायच्या.

एक तारखेला त्या उदबत्ती फिरवत होत्या. पार्लरमध्ये मी एकटी. हर्षाली अजून आलेली नव्हती. आणि डबा बोलला: "साडेसात हजार रुपये प्राप्त झाले." कुंदाताईंचा हात डब्याला लागला, कपाळाला लागला, आणि मग त्या तशाच उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर फुटपाथवर हर्षाली फोन पर्समध्ये ठेवत होती. आत आली, "लाईटचा दर वाढलाय म्हणून पाचशे जास्त" एवढं म्हणाली आणि टेबल पुसायला लागली. कुंदाताई आधी चिडल्या, मग खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला हसू आलं नाही असं मी कोणालाही शपथेवर सांगायला तयार आहे. मी पडद्यामागे गेले होते.

आणि मग तीच निघाली. कोणी काढली नाही. लालबागला तिच्या आईच्या ओळखीच्या एका बाईचा छोटा गाळा रिकामा झाला, तो हिने भाड्याने घेतला. तिथलं भाडं कसं ठरवलं मी विचारलं नाही, ऐकून त्रासच झाला असता. शेवटच्या दिवशी तिने टेबल धुतलं, खिडकीची काच पुसली, निळा डबा उचलला आणि कुंदाताईंना म्हणाली, "खिडकी मनीषाला द्या. भाड्याने. माझ्याच भावात. तिच्या कामाला उजेड लागतो, पहिल्यापासून तिचाच हक्क होता तो."

कुंदाताई म्हणाल्या, ही? हिने तर माझी भवानी मोडली. हर्षालीने उत्तर दिलं नाही. डबा हातात धरून उभी राहिली. कुंदाताई बोलत राहिल्या, माझ्या चुका मोजत राहिल्या, माझा हात चांगला आहे इथपर्यंत आल्या, आणि शेवटी बरं म्हणाल्या. ज्या खिडकीसाठी मी इतकी वर्षं झुरले, ती मला हिच्या गप्प बसण्याने मिळाली. नको म्हणून सांगावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिला हे पहिल्यापासून कळत होतं, मग इतके दिवस ती तिथे बसली कशाला? पण उजेड चांगला होता. मी बसले.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली, यंदाच्या मे महिन्यात. मसाल्याच्या मिरच्या घ्यायला मी सकाळीच लालबागला गेले होते, ऊन चढायच्या आत. पिशव्या घेऊन बसस्टॉपकडे निघाले तर समोर ही शटर वर करत होती. टाळायला जागा नव्हती.

"मने, बरी आलीस. ये, भवानी कर."

इतकी वर्षं तिच्या शेजारी उभी राहिले, पण तिच्या हातात माझा हात कधी दिला नव्हता. मी मागितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. गाळा लहान, पण स्वच्छ. एक खुर्ची, एक टेबल, रस्त्याकडे तोंड. भिंतीवर दरपत्रक. तिने माझ्या पिशव्यांकडे बघून मिरच्यांची देठं तूच काढणार ना म्हणून विचारलं, मग लांब नको म्हणाली आणि नखं आखूडच ठेवून त्यांना डाळिंबी रंग दिला. मध्ये एकदा म्हणाली, "सैल सोड गो हात." मी सोडला. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या त्या ऑफिसातल्या बायांचं मला तेव्हा समजलं, आणि तेही आवडलं नाही.

काम झालं. मी विचारलं, किती?

"भवानी हायस. तू सांग," ती म्हणाली आणि तोंड मिटलं.

मी दरपत्रकाच्या निम्मे द्यायचं ठरवलं होतं. तिला नाही म्हणता आलंच नसतं. इतक्या वर्षांत एकदा तरी तिच्यावर भाव माझा चालला असता. पण ती गप्प बसली आणि मी बोलायला लागले. मिरच्या महागल्या म्हटलं. कुंदाताईंची तब्येत सांगितली. खिडकीत उजेड बरा येतो म्हटलं. तुझ्या गाळ्यात हवा छान आहे, रंग सुंदर बसलाय, तुझा हात अजून तसाच आहे, असंही माझ्या तोंडून गेलं. आणि बोलता बोलता पर्समधून नोटा काढल्या त्या दरपत्रकाएवढ्या निघाल्या, वर पन्नास.

तिने त्या कपाळाला लावल्या, न बघता गल्ल्यात टाकल्या आणि "मसाला झाला की वाटीभर आण" म्हणाली.

मी रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर पिशव्या खाली ठेवून मागे वळून पाहिलं. वाटलं, निदान आता तरी गल्ला उघडून मोजत असेल. ती खुर्चीत बसली होती, मान खाली घालून, डाव्या करंगळीला आजचा रंग लावत.